जुन्या कापडाची आणि जपून ठेवलेल्या लेस-बटणांची बॅग कशी शिवायची

माझी पहिली बॅग एका जुन्या पडद्याची होती. मोठी मोठी फिकट फुलं, कडेला हातविणीची लेस, बघणारा प्रत्येकजण विचारायचा कुठून घेतली म्हणून. दोन महिने वापरली आणि एक दिवस पुस्तकं भरून उचलली तर एका बाजूचा बंद सरळ हातात आला. उसवला म्हणावं तर तसंही नाही, टीप जशीच्या तशी होती आणि बंदाच्या टोकाला कापडाचा चौकोनी तुकडा लटकत होता, म्हणजे शिलाई टिकली आणि कापडच फाटलं. फार वाईट वाटलं कारण तसं कापड परत मिळणार नव्हतं. तेव्हापासून एक गोष्ट पक्की पाळते की बॅगेचं वजन जुन्या कापडावर येऊच द्यायचं नाही, ते आतल्या नव्या कापडाने आणि नवारीने उचलायचं, जुन्या कापडाने फक्त वर दिसायचं. खाली जे सांगतेय ते सगळं याच हिशोबाने आहे.

तयार बॅग ३५ सेंमी रुंद, ३८ सेंमी उंच आणि १० सेंमी तळाची होईल. साधी, आतून अस्तर असलेली, दोन बंदांची. मशीन साधं सरळ टीप मारणारं असलं तरी पुरतं.

आधी कापड तपासा, कातर नंतर

कापड उजेडासमोर धरा. जिथे विरलंय तिथे उजेड जास्त येतो, हे डोळ्यांना लगेच कळतं. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आधी उभ्या धाग्याच्या दिशेने आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने हलकेच ताणा. दोन्हीकडून बघायचं, कारण पुष्कळदा एकाच दिशेचे धागे गेलेले असतात आणि दुसऱ्या दिशेने कापड ठणठणीत वाटतं. ताणल्यावर बारीक कट्कट् आवाज आला तर धागे तुटतायत. वर्षानुवर्षं घडी पडलेल्या जागा वेगळ्या तपासा, सगळ्यात आधी तिथेच चिरतं.

जुन्या रेशमाबद्दल थोडं जास्त सांगते कारण तिथे फसायला होतं. कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर धुवून काढला की त्याचं वजन साधारण चौथ्या हिश्श्याने कमी होतं, आणि रेशीम विकलं जायचं वजनावर, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला ते वजन भरून काढायला कथिल, लोखंड अशा धातूंचे क्षार रेशमात मुरवायचे. हातात घेतलं की जड, सळसळतं आणि छान वाटतं, पण काळाने तेच क्षार धागा खातात आणि कापड उभं उभं चिरत जातं. असं रेशीम धुवून, इस्त्री करून, काही केलं तरी सुधरत नाही. त्याची अख्खी बाजू करू नका. फारच आवडलं असेल तर लहान तुकडा घ्या, खाली सुती कापड आणि वर पारदर्शक ऑर्गेंझा असं मधे धरून शिवा. संग्रहालयांत विरलेलं रेशीम सांभाळताना वरून अगदी तलम पारदर्शक रेशीम घालून टाके घालतात, तीच कल्पना.

कापड कशाचं आहे हे कळत नसेल तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या वाटीवर पेटवा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की बहुतेक आपोआप विझतं आणि काळी गुठळी बोटात चुरडते. पॉलिएस्टर, नायलॉन वितळून कडक मणी होतो. मिक्स कापडात वास-राख दोन्ही मिसळलेली मिळेल, तेव्हा सगळ्यात नाजूक काय ते धरून चाला. हे करायचं कारण इस्त्री. किती गरम इस्त्री सोसेल हे माहीत नसताना जुन्या कापडावर इस्त्री टेकवणं म्हणजे कापड घालवणं.

धुणं, वास आणि कसर

सुती, लिनन असेल तर धुवून घ्याच, आटायचं ते आताच आटू दे. आधी रंग तपासा: पांढरा ओला रुमाल कापडाच्या कोपऱ्यावर दाबून धरा, रुमालाला रंग लागला तर ते कापड धुवायचं नाही. जरीचं कापड, मखमल, मणीकाम पाण्यात घालू नका, मऊ ब्रशने झटका नाहीतर व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून अगदी कमी जोरावर धूळ ओढून घ्या. धुताना पिळायचं नाही, जुन्या कापडाला ती ओढ सोसत नाही, टॉवेलमधे गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून वाळवा.

कुबट वास असेल तर सावलीत, वाऱ्यावर दोन-चार दिवस टांगा. रेशीम उन्हात नको, रंग उडतो आणि धागाही कमजोर होतो. लोकर किंवा रेशमाला बारीक भोकं दिसली तर कसर (कापड खाणारी कीड) असण्याची शक्यता धरा, मग कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून फ्रीझरमधे उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ दे नाहीतर कापडाला पाणी सुटतं. हे बाकीच्या कापडांत ठेवायच्या आधी करायचं, नंतर नाही.

लेस, बटणं, फिती: डबा उपडा करा

माझं मत असं की बॅगेचं डिझाईन कापडावरून नाही तर या डब्यावरून ठरवायचं. कापड कमी पडलं तर जोड देता येतो, पण ६० सेंमीची जुनी लेस ९० सेंमीची होत नाही. प्रत्येक लेस, फीत, गोट मोजा आणि लांबीची चिठ्ठी टाचून ठेवा. या बॅगेच्या तोंडाचा घेर, माया (शिलाईसाठी कडेला सोडायचं कापड) सोडून, ९० सेंमी आहे, म्हणून मायेसकट ९४ सेंमीच्या वर जे असेल ते पूर्ण गोल फिरेल, ४७ च्या वर असेल ते फक्त पुढच्या बाजूला आडवं लागेल, आणि त्याहून लहान तुकडे खिशाच्या तोंडाला किंवा उभे लावायचे. दोन वेगळे तुकडे जोडायचे असतील तर जोडावर बटण येईल अशी जागा ठरवा, कुणाला कळतही नाही.

जुनं इलॅस्टिक टाकून द्या. रिळावरचा जुना दोराही शिवायला वापरू नका, कितीही सुंदर रंग असला तरी, हातभर दोरा झटक्याने ओढून बघा म्हणजे का ते कळेल. जुनी चेन चालते पण दात एकेक बघा, आणि अडकत असेल तर दातांवरून मेणबत्ती घासा.

बटणांचं जरा नीट बघावं लागतं. शिंपल्याचं बटण गालाला लावलं की प्लॅस्टिकपेक्षा गार लागतं, वजनालाही जड असतं. केसीनची म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेली जुनी बटणं पाणी पितात आणि फुगतात, म्हणून धुण्याआधी सगळी बटणं काढून ठेवायची हे बरं. सेल्युलॉइडचं बटण गरम पाण्याखाली धरलं की कापरासारखा वास येतो. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, म्हणून तापलेली सुई टोचून बघायचा जो प्रकार लोक सांगतात तो अजिबात करू नका, आणि असं बटण बॅगेवर असेल तर त्याच्या आसपास इस्त्री नेऊ नका. जुन्या सेल्युलॉइडमधून निघणाऱ्या वाफेने शेजारची धातूची बकलं गंजतात, म्हणून डब्यात ही बटणं वेगळी, हवा लागेल अशी ठेवा. धातूच्या वस्तूंना चुंबक लावून बघायचं. चिकटलं तर लोखंड-पोलाद आहे, ओलं झालं की गंजून कापडावर डाग पाडणार, ते बॅगेच्या तळाशी लावू नका.

काय काय लागेल आणि किती

सगळ्या तुकड्यांत १ सेंमी माया धरलीय. जुन्या कापडाचे दोन तुकडे, ४७ सेंमी रुंद आणि ४५ उंच. मांजरपाटाचे (म्हणजे साधं कोरं सुती कापड, जुन्या कापडाला पाठ द्यायला) दोन, पण ते ५० बाय ४८ असे जरा मोठे. अस्तराचे दोन ४७ बाय ४५, आणि अस्तर फिक्या रंगाचं घ्या, काळ्या अस्तरात किल्ली शोधताना जीव जातो. आतल्या खिशाला २० बाय ३२ चा तुकडा. सुती नवार २.५ सेंमी रुंदीची, ३ मीटर. नवा पॉलिएस्टर दोरा. सुई ९०/१४ नंबरची, आणि जिथे नवार येते तिथे १००/१६. मांजरपाट आणि नवार आधी धुवून घ्या, हे विसरलात तर पहिल्या धुण्यात आतलं कापड आटतं आणि वरचं जुनं कापड पोचे पडल्यासारखं फुगतं.

कापताना जुन्या कापडाचे डाग आणि भोकं टाळायला कागदी पॅटर्न फिरवून फिरवून ठेवा, पण उभा धागा उभाच राहिला पाहिजे. तिरकं कापलं तर बॅग एका बाजूला लोंबते. नक्षी मोठी असेल तर मुख्य फूल मधोमध न ठेवता मधापासून थोडं वर ठेवा, खालचे ५ सेंमी तळाखाली जातात.

जुन्या कापडाला पाठ देणं

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई नको. मांजरपाट टेबलावर पसरा, त्यावर जुनं कापड सुलट बाजू वर करून ठेवा, मधून कडेकडे हाताने सपाट करत न्या आणि कच्चे टाके घाला. आधी मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ, मग साधारण ८-८ सेंमीवर ओळी, शेवटी चारी कडा. टाचण्या कमी वापरा, जुन्या तलम कापडात त्यांची भोकं राहतात, लावायच्याच तर मायेच्या आत. यापुढे ही दोन कापडं एकच समजायची.

इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग लावलं तर चालेल का असं खूपजण विचारतात. मजबूत सुती किंवा लिनन असेल तर चालेल, आधी कात्रणावर करून बघा, वर ओला रुमाल ठेवून इस्त्री एका जागी १०-१५ सेकंद दाबायची, घासायची नाही. पण रेशीम, मखमल, भरतकाम असलेलं कापड किंवा विरलेलं काहीही असेल तर मी लावत नाही. एकदा चिकटलं की सुटत नाही, फुगे आले तर तसेच राहतात, आणि हाताने पाठ दिलेल्या कापडाची जी मऊ लवचिकता असते ती जाते.

मोठा तुकडा नसेल तर? मग मांजरपाटावरच लहान तुकडे जोडायचे. १८८० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत क्रेझी पॅचवर्कची मोठी लाट होती, रेशीम-मखमलीचे वेडेवाकडे तुकडे सुती पाठीवर बसवून जोडांवर रंगीत भरतकाम करायचे, पद्धत तीच आहे. मधे एक पाच कोनांचा तुकडा सुलट ठेवा, त्याच्या एका कडेवर दुसरा तुकडा उलटा ठेवून अर्धा सेंमीवर टीप मारा, उलटवून दाबा, मग पुढची कड, असं करत भरत जा. जाड आणि तलम तुकडे शेजारी आले तरी पाठ एकच असल्यामुळे ओढाताण होत नाही. जोडांवर साखळी टाका किंवा माशाच्या काट्यासारखा टाका घातला की कच्चेपणा झाकला जातो. एवढं जोडकाम झालं की मांजरपाट थोडं आक्रसतं, म्हणूनच ते मोठं कापायला सांगितलं. सगळं झाल्यावर ४७ बाय ४५ ला छाटून घ्या.

लेस आणि फिती, बॅग सपाट असतानाच

बॅग जोडल्यावर लेस लावणं फार कटकटीचं, म्हणून आताच. वरच्या कच्च्या कडेपासून ६ सेंमी खाली खडूने रेघ मारा आणि पहिली आडवी फीत तिथे बसवा. फितीच्या दोन्ही कडांना टीप मारताना एकाच दिशेने मारायची, म्हणजे दोन्ही वेळा डावीकडून उजवीकडे, नाहीतर फीत तिरकी ओढली जाऊन सुरकुत्या पडतात. टीप ३ मिमी लांबीची ठेवा, जुन्या कापडात फार बारीक टीप मारली की तिकिटाच्या कडेसारखी भोकं होऊन तिथूनच फाटतं.

गुंफलेला गोट किंवा झालर कापायच्या आधी जिथे कापायचं तिथे दोन्ही बाजूंना हाताने चार टाके घालून घ्या, एकदा सुटायला लागलं की थांबत नाही. मण्यांची लेस असेल तर मायेत येणारे १ सेंमीतले मणी काढून टाका, मशीनची सुई मण्यावर पडली की सुई तुटून डोळ्यापर्यंत उडू शकते. मणीकाम हातानेच शिवा, दुहेरी दोरा, उलटी टीप, आणि दर ३-४ सेंमीवर एक गाठ, म्हणजे एक टाका तुटला तर सगळी ओळ सुटत नाही.

नवार: वजनाचा रस्ता

नवारीचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे करा. एक तुकडा एका बाजूसाठी. नवार बॅगेच्या खालच्या कडेपासून सुरू होऊन सरळ वर जाते, ६० सेंमीचा बंद होतो आणि परत खालच्या कडेपर्यंत येते. त्यामुळे पुस्तकं भरली की ओढ तळापासून नवारीवर येते, कापडावर नाही. माझ्या पहिल्या बॅगेत बंद फक्त वरच्या काठाला शिवलेले होते, बिघडलं ते तिथे.

दोन्ही कडांपासून १३ सेंमी आत खडूने उभ्या रेघा मारा आणि नवारीची बाहेरची कड त्या रेघेला लावा. खालून वर दोन्ही कडांना टीप मारत या, पण वरच्या कच्च्या कडेच्या ४ सेंमी अलीकडे थांबा आणि उलटसुलट टीप मारून पक्कं करा. वरचे ४ सेंमी मोकळे ठेवायचेच, तिथे नंतर अस्तर जोडायचंय. नवार नुसती बरी दिसत नसेल तर बॅगेवर सपाट बसणाऱ्या भागावर जुनी फीत शिवा. हातात धरायच्या भागावर मात्र जुनं काहीच लावू नका, घामाने आणि घासून तो भाग आधी जातो, तिथे नव्या जाड सुती कापडाची पट्टी गुंडाळून शिवा.

जोडणी

दोन्ही बाजू सुलटावर सुलट ठेवा, बंद आत मधे टाचून ठेवा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून ५ बाय ५ सेंमीचा चौकोन कापून टाका, दोन्ही थरांतून. मग दोन्ही बाजू आणि तळ अशा तीन टिपा, १ सेंमी मायेवर, आणि तळाला दोनदा टीप. नवारीची टोकं तळाच्या शिलाईत येतात, तिथे मशीन अडेल, तेव्हा हाताने चाक फिरवत न्या. आता कापलेल्या कोपऱ्यात बाजूची शिलाई आणि तळाची शिलाई एकमेकींवर येतील असा कोपरा चपटा करा आणि कच्च्या कडेपासून १ सेंमीवर टीप मारा. झाला १० सेंमीचा तळ.

अस्तराचंही असंच, फक्त बाजूंची टीप १ ऐवजी १.२ सेंमीवर मारा म्हणजे अस्तर आत गोळा होत नाही, आणि तळाच्या मधोमध १५ सेंमी उघडं सोडा. खिसा आधीच बसवा: तुकडा सुलट आत घालून दुमडा की २० बाय १६ होतो, थोडी जागा सोडून तिन्ही कडा शिवा, उलटवा, अस्तरावर तीन बाजूंनी टीप. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना उलटसुलट टीप हवीच.

बटणाने बंद होणारी बॅग हवी असेल तर मागच्या बाजूच्या वरच्या कडेला मधोमध गोफाचा फासा, टोकं वर आणि फासा खाली, असा टाचा. बटण पुढच्या बाजूला लावताना आतल्या बाजूने एक लहान चपटं बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवा, जुन्या कापडाला ओढ बसत नाही. जुनी जड काचेची बटणं तर याशिवाय लावूच नका.

आता बाहेरची बॅग सुलट आणि अस्तर उलट, बॅग अस्तरात घाला, सुलटावर सुलट, बाजूच्या शिलाया जुळवा. अस्तर जरा कमी भरेल, ते बोटांनी हलकं ताणून घ्या. बंद दोन्हींच्या मधे खाली दाबलेले आहेत ना आणि शिलाईत येत नाहीत ना हे एकदा हात घालून बघा. तोंडाला गोल टीप मारा, अस्तराच्या उघड्या जागेतून सगळं बाहेर ओढा. हळूहळू ओढा, लेस अडकते.

उघडी जागा हाताने शिवून टाका. तोंडाची शिलाई बोटांनी चोळून कड नीट बाहेर काढा आणि कडेपासून ३ मिमीवर गोल टीप मारा, टाका ३.५ मिमीचा. मग बंदांचे सोडलेले ४ सेंमी आता अस्तरासकट शिवायचे: चौकोन आणि त्यात फुली, १००/१६ ची सुई. थर खूप जाड झाले असतील तर वर कापड ठेवून हातोडीने दोन-चारदा ठोका, शिलाई दबते आणि मशीन सहज जातं.

तळाला घालायला ३४ बाय ९.५ सेंमीची पातळ प्लॅस्टिकची पट्टी कापा, कोपरे गोल करा आणि उरलेल्या अस्तराच्या गवसणीत घालून आत टाका. पुठ्ठा नको, एकदा ओला झाला की संपला.

कच्चे टाके अगदी शेवटी काढा, बारीक कात्रीने मधे मधे कापून, ओढून नाही. ही बॅग मशीनमधे धुवायची नाही, डाग पडला तर तेवढाच ओल्या रुमालाने टिपायचा. आणि त्याच कापडाचा हातभर तुकडा, दोन बटणं आणि थोडी लेस एका पाकिटात घालून आतल्या खिशात ठेवा, पुढे कुठे घासून विरलं तर रफूला तेच कापड लागेल.